दोन तारा कुलपात

"या मार्गावरच्या सर्व लाइन व्यस्त आहेत," रिसिव्हरमधली बाई मला पुन्हा सांगत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच गोड. काउंटरच्या पलीकडे हलीमाबी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. तिचा मुलगा रफिक दगडूबाच्या विहिरीत कमरेपर्यंत गाळात रुतला होता आणि खालून पाणी चढत होतं.

"लगा क्या?"

"न्हाई."

"फिर से लगा ना, बाई."

मी पुन्हा लावला. बाई पुन्हा गोड बोलली.

विहिरीत तिघं होते. हलीमाबीचा रफिक, शेजारच्या गावचा गणपत, आणि खुद्द विहिरीचा मालक दगडूबा. पाऊस सुरू झाला होता, काठाची माती भिजली होती, तरी दगडूबाला विहीर अजून खोल पाहिजे होती. वीज गेली की मोटार बंद, मोटार बंद की पाणी साचायचं. पण त्या दिवशी झरा हळू होता. म्हणून वीज नसतानाच फोडलेले दगड भरायला हे दोघं उतरले आणि दगडूबा बघायला उतरला. एका बाजूचा काठ खाली आला. त्यासोबत मोठा झरा मोकळा झाला.

दोर होते, माणसं होती, फावडी होती. मोटार काठावर होती, पाइप आत सोडलेला होता. नव्हती ती फक्त वीज. तेव्हा लोडशेडिंग असायचं. आमचा फीडर दुपारनंतर चालू व्हायचा. फीडर म्हणजे सबस्टेशनातून आमच्या गावाकडे येणारी विजेची वाट. तिचं बटण तिकडे सबस्टेशनात. तिथल्या माणसाला एक वाक्य सांगायचं होतं. त्यानं बटण दाबलं की मोटार चालू, पाणी खाली. मोटारसायकलवर एकाला पाठवलं होतं. पण रस्ता चिखलाचा, आणि पाणी काही त्याची वाट बघणार नव्हतं.

रांगेतल्या लोकांनी आपापल्या चपला उचलून बाजूला केल्या होत्या. कोणाला सांगावं लागलं नाही.

चपलांचं सांगते. माझा एसटीडी पीसीओ हसनाबादपासून थोडा आत असलेल्या आमच्या गावात, ग्रामपंचायतीच्या बाजूला होता. नवरा वारल्यावर विधवेच्या कोट्यातून मिळाला. शिक्षण चौथी. आकडे वाचता येतात, लोकांचं बोलणं समजतं, फोनच्या धंद्याला याहून जास्त लागत नाही. बूथसमोर ओटा होता. ज्याला फोन करायचा त्यानं आपली चप्पल ओट्यावर लावायची आणि झाडाखाली जाऊन बसायचं. चपला पुढं सरकत जायच्या. सरपंचाची चप्पल असो की मेंढरामागच्या माणसाची, जिथं लावली तिथं. कोणाकडे दुखणं किंवा मयत असली तर मागचे पुढचे आपसांत ठरवून त्याची चप्पल पुढं करायचे. ते ठरवणं रांगेचं, माझं नाही. मी फक्त फोन लावून द्यायची.

हा नियम सगळ्यांना मान्य होता. एकट्या नारायणशेठला नव्हता.

नारायणशेठ मिरचीचा अडत्या. आमच्याकडची हिरवी मिरची तो घ्यायचा आणि बाहेर पाठवायचा. मिरचीचा भाव रोज बदलतो. त्यामुळे तोडा करायच्या आधी शेतकरी माझ्या बूथवरून जालन्याला, औरंगाबादला, अकोल्याला फोन करून भाव विचारायचे. कोणाचा साडू हमाल, कोणाचा भाचा ट्रकवर. चार ठिकाणचे भाव ऐकून मग माणूस शेठच्या दारात जायचा. शेठला ते कसं आवडणार?

एकदा शेठ आला आणि सरळ काउंटरवर हात ठेवला.

"कौसाबाई, जल्दी जालना लावा."

"चप्पल लावा, शेठ."

"मी चप्पल लावू?"

"मंग काय जोडा लावता? तो पण चालंल."

झाडाखाली लोक हसले. शेठ हसला नाही. तो पुन्हा माझ्या बूथवर आला नाही. त्यानं घरी फोन घेतला, दुकानात दोन घेतले. पण त्यानं त्याचं काम भागेना. कारण अडचण बूथची नव्हतीच. ती तारांची होती.

हे नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या गावात लहान एक्स्चेंज होतं, एका खोलीत एक कपाट. गावातल्या गावात कितीही जणांनी बोलावं. पण गावाबाहेर जायला भोकरदनपर्यंत तीनच तारा. खात्याच्या भाषेत जंक्शन. एका वेळी तिघंच बाहेर बोलणार. बाहेरून फोन आला तर तो पण याच तिघांतला एक. तिन्ही भरल्या की ती गोड बाई.

नारायणशेठला या तीनपैकी दोन तारा पाहिजे होत्या. फक्त त्याच्या. माणूस हुशार. मागायच्या आधी त्यानं दुकानाबाहेर एक मोठा काळा फळा लावला. वर पांढऱ्या रंगात लिहिलं, 'आजचा जालना भाव'. खाली रोज खडूनं आकडा. फुकट. कोणीही या, वाचा, जा.

गाव खूष झालं. कशाला चप्पल लावायची, कशाला बूथवर पैसे घालायचे? फळा वाचला की काम झालं. मग ग्रामसभा भरली आणि शेठ उभा राहिला.

"मी गावासाठी करून राह्यलो," तो म्हणाला. "पण बाजाराच्या टायमाला मला लाइन भेटत न्हाई. मंग फळ्यावर काय लिहू? गावाची इच्छा असंल तर दोन तारा माझ्या दुकानाला राहू द्या. तिसरी हायेच तुमच्यासाठी."

"बराबर हाये," दगडूबा म्हणाला. ठरावाचा सूचक तोच. "शेठ फुकट देऊन राह्यले. आपलं काय जाते?"

मी मागून विचारलं, "फळ्यावर जो आकडा लिहिता, तो जालन्यात कोणाचा भाव?"

"जालन्याचा भाव म्हणजे जालन्याचा भाव."

"अकोल्याचा का लिहीत न्हाई?"

"अकोल्याला कोण चाललंय?"

"मी न्हाई. मिरची चाललीय. तुमच्याच ट्रकमधून."

दगडूबा वळला. "कौसाबाई, तुमचा धंदा बसून राह्यला म्हणून तुमच्या पोटात दुखते."

"दुखते ना," मी म्हणाले. "धंदा बसतोय हे खरंय. पण म्हणून मी विचारलं ते खोटं होत न्हाई."

लोक हसले. या वेळी माझ्यावर. फुकटच्या गोष्टीला प्रश्न विचारणारी बाई लोकांना येडी वाटते. हलीमाबी पण तिथं होती. तिनं मात्र एक कामाचा प्रश्न विचारला. "और किसी को बुरा वक्त आया तो?"

"माझं दुकान काय परदेशात हाये?" शेठ म्हणाला. "अडीअडचणीला दुकानात यायचं. फोन उचलायचा. पैसे बी नका देऊ."

टाळ्या. ठराव मंजूर. भोकरदनच्या टेलिफोन खात्यातल्या साहेबानं तोंडी होकार दिला. मेकॅनिक पठाडेनं एक्स्चेंजमध्ये दोन जंपर मारले. जंपर म्हणजे हातभर वायरचा तुकडा. गावाच्या दोन तारा कपाटातून सुटल्या आणि थेट शेठच्या दुकानातल्या दोन फोनांना जोडल्या गेल्या. ठराव फक्त बाजाराच्या टायमापुरता होता. पण रोज जंपर काढायचा आणि रोज मारायचा, एवढी मेहनत पठाडे कशाला करतो? जंपर कायमचे राहिले. कोणी विचारलं नाही. फळा चालू होता ना.

पुढं लोक भाव विचारायचे विसरले. फळ्यावरचा आकडा म्हणजेच भाव झाला. त्यापेक्षा जास्त कुठं मिळतो हे कळायचा रस्ताच शेठच्या दुकानातून जात होता, आणि शेठ तो कोणाला दाखवणार? गणपत तेवढा माझ्याकडे यायचा. रविवारी त्याच्या पुण्यातल्या भावाला फोन करायचा. तो फोनमध्ये इतका ओरडायचा, की मी सांगायची, अरे हळू, तार आहे मध्ये. तो म्हणायचा, "एकच राह्यली ना मावशी. जोर लावावा लागते."

तर तो दिवस.

मी रिसिव्हर ठेवला आणि एक्स्चेंजच्या खोलीत गेले. हलीमाबी मागं. पठाडे आत होता.

"पठाडे, शेठच्या तारा सोड."

"मावशी, असं कसं सोडता येईल? गावचा ठराव हाये. साहेबाची परवानगी हाये."

"विहिरीत माणसं बुडून राह्यलीत."

"मला कळते ना. साहेबाला विचारतो न् लगेच सोडतो."

"कशानं विचारशील?"

"फोन करून."

त्यानं खरंच रिसिव्हर उचलला. भोकरदनचा नंबर फिरवला. ऐकत उभा राहिला. मग त्याचं तोंड उतरलं. त्याला पण तीच बाई भेटली होती.

त्याच्याशी जास्त बोलण्यात अर्थ नव्हता. शेठचं दुकान समोरच्या गल्लीत होतं. आम्ही दोघी तिकडे गेलो. दाराला कुलूप. शेठ सकाळीच जालन्याला गेल्ता, बँकेच्या कामाला. बाहेर फळा होता. वर 'आजचा जालना भाव', खाली कालचा आकडा.

म्हणजे गावाच्या तीन तारांपैकी दोन तारा बिझी नव्हत्याच. त्या मोकळ्या होत्या. कुलपाच्या आत, मोकळ्या, गप पडलेल्या. आणि तिसऱ्या तारेवर कोण होतं ते मला नंतर कळलं. हेडमास्तरांच्या घरी पुण्याहून व्याह्यांचा फोन आल्ता. साखरपुड्याला शालू घ्यायचा की पैठणी, ते ठरत होतं. त्यांना मी दोष देत नाही. अख्खं गाव एका तारेवर टाकलं तर तिच्यावर कोणीतरी बोलणारच.

दारासमोर बरेच पुरुष जमले होते. सरपंच होता, गावचा वायरमन पण होता.

"कुलूप तोडा," मी म्हणाले.

कोणी हललं नाही.

"शेठचं कुलूप हाये," एक म्हणाला.

"मला दिसतंय कोणाचं हाये ते."

सरपंच म्हणाला, "कौसाबाई, कायद्यानं जाऊ. दोन पंच बोलावू, पंचनामा करू, मंग तोडू. उद्या शेठ म्हनंल माल गेला, तर?"

"मंग पंच विहिरीत उतरवा. तिथून बघू दे पाणी किती आलं ते."

ही सगळी माणसं भित्री होती असं नाही. यातल्या दोघांना मी पुरात बैल काढताना पाहिलं होतं. पण प्रत्येकाची मिरची शेठकडे जायची. शेठच्या दाराला हात लावणारा पहिला माणूस कोणाला व्हायचं नव्हतं. दुसरं व्हायला सगळे तयार.

समोर वेल्डिंगचं दुकान होतं. मी पहार मागितली. दुकानवाला म्हणाला, "पहार न्या, पण माझं नाव घेऊ नका." मी अजून घेतलेलं नाही.

हलीमाबीनं पहार माझ्या हातातून ओढून घेतली आणि कोयंड्यात घातली. मी मागून जोर लावला. दोघींची वयं काही पहारीची नव्हती. कोयंडा लाकडासकट निघाला. कुलूप तसंच बंद राहिलं, दाराला लटकत. मग मात्र चार पुरुष मदतीला आले आणि उघड्या दाराला ढकलायला लागले.

आत गादीवर दोन फोन शेजारी शेजारी. वर धुळीसाठी कपडा टाकलेला. मी एक उचलला. इतका स्वच्छ टोन मी त्या गावात कधी ऐकला नव्हता. पहिल्याच झटक्याला सबस्टेशन लागलं.

"फीडर चालू करा," मी गावाचं नाव सांगितलं. "विहीर ढासळली. तीन माणसं आत, पाणी चढतंय, मोटार लावायचीय."

तिकडून माणसानं एकच विचारलं, "लाइनवर कोणी चढलंय का?"

"न्हाई. वायरमन इथं दारातच उभाय."

"ठेवा फोन."

मी ठेवला आणि दुकानातला दिवा लागला. त्या माणसानं माझं नाव विचारलं नाही, अर्ज मागितला नाही, साहेबाला विचारलं नाही. तो कोण होता मला माहीत नाही. त्या दिवशी आपलं काम केलेला एवढा एकच पगारी माणूस मला भेटला.

दुसऱ्या फोनवरून मी अँब्युलन्स बोलावली. विहिरीवर मी गेले नाही. माझं काम फोनचं होतं, ते झालं होतं. हलीमाबी गेली. मोटार चालू झाली तेव्हा पाणी रफिकच्या हनुवटीला लागलं होतं, असं तिनं सांगितलं. दगडूबा एका कपारीला धरून वरच्या बाजूला होता. गणपत सगळ्यात खाली होता. त्याचा पाय दगडाखाली होता.

शेठ संध्याकाळी आला. आधी कोयंडा बघितला, गल्ला बघितला. मग विचारलं, "किती वाचले?" सांगितलं. त्यानं दोन्ही फोनांवर कपडा परत टाकला. मग म्हणाला, "बघा. माझा फोन होता म्हणून."

मला वाटलं, ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी थुंकेल. कोणी थुंकलं नाही. माना हलल्या.

चौकशीला जालन्याहून टेलिफोन खात्याचा मोठा अधिकारी आला. त्यानं एक्स्चेंजचं कपाट उघडलं, जंपर बघितले, ठरावाची नक्कल वाचली. पठाडेवर भडकला. मला बरं वाटलं. मग ऐकलं तर तो म्हणत होता, "अरे, असल्या गोष्टी लेखी कशाला करता?" जंपर त्यानं स्वतः ओढून काढले. गावाला तीन तारा परत मिळाल्या. मला एक ताकीद मिळाली, दुसऱ्या ग्राहकाचा फोन परवानगीशिवाय वापरला म्हणून.

पुढच्या ग्रामसभेत नारायणशेठला शाल आणि नारळ. ज्यांच्या दुकानातल्या फोनमुळे गावावरचं संकट टळलं, वगैरे. सूचक दगडूबा. हाताला पट्टी, गळ्यात अडकवलेला, तरी दुसऱ्या हातानं शाल घातली त्यानं. रफिकला आणलं नव्हतं, त्याची बरगडी मोडली होती. हलीमाबी उभी राहिली.

"ताला हमने तोडा," ती म्हणाली.

"हो हो, भाभी, तुमचं बी कौतुक हाये," सरपंच म्हणाला. "बसा."

ती बसली नाही. निघून गेली. मी पण गेले.

हे सगळं आता लिहायचं कारण माझी भाची उषा. जालन्यात स्टेशनकडच्या बाजूला तिचं इंटरनेट कॅफे आहे. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे बसले होते. ती सांगत होती, की इंटरनेटच्या तारा ज्या कंपन्यांच्या आहेत, त्यांना वाटतं की जो पैसे देईल त्याचं पान जोरात चालावं आणि बाकीच्यांचं रखडत. काही कंपन्या आपलं स्वतःचं पान फुकट दाखवतात, दुसऱ्याचं बघायला पैसे. सरकारनं त्यांना रोखावं की नाही, यावर मोठमोठी माणसं भांडतायत म्हणे.

"आत्या, तुला काय वाटतं?"

"कोण म्हणतंय रोखू नका?"

"कंपन्या म्हणतात. तार आम्ही टाकली, आमची मर्जी. आणि लोकंही म्हणतात, फुकट मिळतंय तर काय वाईट?"

"फळा," मी म्हणाले.

"काय?"

मग मी तिला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण आत्या, ते फोनचं होतं. हे वेगळं असतं. यात टेक्निकल खूप आहे."

असेल. पठाडे पण हेच म्हणायचा, मावशी हे टेक्निकल आहे. हातभर वायरचा तुकडा होता. मला टेक्निकल कळत नाही. मला रांग कळते. तार ज्याच्या हातात आहे, त्यानं कोणाची चप्पल पुढं आणि कोणाची मागं हे ठरवायला सुरुवात केली, की तो फळा पण तोच लिहिणार. त्यावर आकडा कालचा असेल. आणि ज्या दिवशी तुम्हाला खरंच बोलायचं असेल, त्या दिवशी तो बँकेत गेलेला असेल. त्याला रोखायला कोणी सरकारी माणूस बसवा किंवा बसवू नका. बसवलात तर तो लेखी कशाला केलं म्हणून चिडणारा नसावा, एवढं बघा. फीडरचं बटण दाबणाऱ्यासारखा मिळाला तर घ्या. पण तसे कमी असतात.

उषानं विचारलं, "मग पुढं काय झालं त्या लोकांचं?"

दगडूबाची विहीर बांधून झाली, पाणी भरपूर आहे. तो अजून नारायणशेठलाच मिरची देतो. रफिक औरंगाबादला कारखान्यात लागला, हलीमाबी त्याच्याकडे असते.

विहिरीत तिघं होते. दगडूबा जगला, रफिक जगला. गणपत न्हाई.